शेठची नखं

फोन आला तेव्हा माझ्या हातात दुकानात धारेला आलेली एका शिंप्याची मोठी कात्री होती आणि तोंडात त्या शिंप्यासाठी राखून ठेवलेली शिवी होती. चांगल्या कात्रीने पत्रा कापायला निघालेल्या माणसाला दुसरं काय द्यायचं? पण पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "आज चार वाजता कुत्र्याला घेऊन या," आणि शिंपी, कात्री, शिवी, सगळं माझ्या डोक्यातून उडालं.

"आज?"

"आजच. उद्या सकाळी मोठे डॉक्टर तुमच्या वडिलांना बघणार. त्याआधी त्यांनी निदान कॉटवरून पाय खाली सोडले, एवढं तरी मला सांगता येऊ दे. परवानगी मी काढलीय. पण माझी एक अट आहे."

"एक काय, हव्या तेवढ्या सांगा."

"एकच पुरे. नखं."

या सिस्टर म्हणजे बाबांना जिथे ठेवलंय त्या शुश्रूषागृहातल्या तळमजल्याच्या मुख्य. बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर खूश होते, आम्ही खूश होतो. फक्त बाबा उभे राहायला तयार नव्हते. व्यायाम शिकवणारी एक गोड मुलगी रोज वॉकर घेऊन यायची आणि ती दारात दिसली की बाबा झोपेचं सोंग घ्यायचे. त्या मुलीने गोड बोलून पाहिलं, आईने रागावून पाहिलं, मी तर इतकी आरडाओरड केली की शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ घाबरून उठून बसले. बाबा ढिम्म. दिवसभरात त्यांच्या तोंडून एकच वाक्य यायचं, "शेठ जेवले का?"

आणि उद्या निकाल होता. बाबा उभे राहिले तर तळमजल्यावर राहून व्यायाम आणि मग घर. नाही राहिले तर वरचा मजला. वरचा मजला म्हणजे कायमचे अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथे नेताना माणसाचे कपडे, चष्मा, कवळी सगळं बरोबर देतात. वॉकर खालीच ठेवून घेतात.

शेठ म्हणजे आमचा कुत्रा. दुकानात बाबांच्या खुर्चीवर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे मालकाच्या नजरेने बघतो म्हणून त्याला हे नाव पडलं. बाबा मला आणि दादाला अरे-तुरे करतात आणि कुत्र्याला अहो-जाहो. घरात कोणाची किती पत आहे ते यावरून समजावं.

"म्हाताऱ्या माणसांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते," सिस्टर फोनवर सांगत होत्या. "नखाचा साधा ओरखडा आला तरी सोलून निघते आणि लवकर भरत नाही. म्हणून मी पातळ नायलॉनचा मोजा हातावर चढवते आणि कुत्र्याचा पंजा त्यावरून फिरवते. एक धागा जरी अडकला तरी कुत्रा फाटकाबाहेर. मग तो कोणाचाही शेठ असो."

मी "हो, हो" म्हणत शेठच्या पायांकडे पाहिलं. पूर्वी बाबा त्याला रोज सिमेंटच्या रस्त्याने लांबवर फिरवून आणायचे, त्यात नखं आपोआप झिजायची. बाबा पडल्यापासून आम्ही त्याला मागच्या गवतात नेऊन लगेच परत आणत होतो. नखं वाढून पुढे वळली होती. घरात फरशीवर त्याची टकटक चालायची आणि स्वयंपाकघराच्या वळणावर तो हटकून घसरायचा.

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मी मागे घरात धावले. "दादा, सोड ते सगळं. शेठला चार वाजता बाबांकडे न्यायचंय."

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, जेवत होता. दादाला घाई हा प्रकार देवाने दिलेलाच नाही. घरातली सगळी घाई माझ्या वाट्याला आली. पण या वेळी तो ताट तसंच टाकून उठला. आईने हातातला डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाली, "मी कुठली साडी नेसू?"

"आई, आधी नखं."

"माझी?"

जनावरांच्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप होतं. कुत्र्यांच्या पार्लरमध्ये पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नव्हती, पण तिथल्या बाई भल्या निघाल्या. फोनवर त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. नखाच्या आत जिवंत शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. म्हणून काळं नख एकदम कापायचं नाही, बारीक बारीक चकत्या काढत जायचं. कापलेल्या जागी मधोमध काळपट ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं. आणि शेवटी कानशीने घासून गुळगुळीत करायचं.

"कानशीने," दादा म्हणाला आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आमचं दुकान धार लावायचं. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, माळ्यांच्या कातऱ्या, सगळ्या गावाची पाती आमच्या हाताखालून जातात. कुत्र्याची नखं आमच्यापुढे काय चीज होती.

नखं कापायची पक्कड कधीतरी हौसेने आणलेली, ड्रॉवरमध्ये पडून होती. दादाने तिचं पातं उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हिला धार म्हणतात?"

"दादा, वेळ नाहीये."

"बोथट पक्कड नख कापत नाही, चिरडते. त्याला दुखेल." असं म्हणून तो शांतपणे दगड घेऊन बसला आणि आधी पक्कडीला धार लावली. मी दारातून कॉटपर्यंत आणि कॉटपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मला ओरडायचं होतं, पण त्याचं बरोबर होतं, आणि दादाचं बरोबर असलं की मला जास्तच राग येतो.

शेठ एव्हाना टेबलाखाली सगळ्यात आतल्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. मी त्याला ओढायला वाकले तर आईने मला मागे खेचलं.

"त्याला पकडू नको. तुला कोणी असं ओढलं तर तू येशील?" आई फरशीवर मांडी घालून बसली, उकडलेलं अंडं सोललं आणि कोणाकडे न बघता त्याचा एक तुकडा शेजारी ठेवला. मग दुसरा, थोडा जवळ. शेठचं नाक आधी बाहेर आलं, मग बाकीचे शेठ.

दादाने त्याचा पुढचा पंजा तळहातावर घेतला, बोटांमधले केस बाजूला केले आणि बोटाच्या गादीवर हलकेच दाबून नख पुढे आणलं. मी टॉर्च धरला. पहिला कट पडला, खाली पसरलेल्या कागदावर टिक करून एक पातळ चकती उडाली, आणि शेठने अंडं चावता चावता मान वळवून "झालं का?" अशा नजरेने बघितलं. दादाने दुसरी चकती काढली. मग तिसरी.

"थांब, थांब. दिसला ठिपका."

"कुठे?"

"मधोमध. तो बघ. थांब म्हणते ना."

"थांबलोय की. तू ओरडू नकोस, हात हलेल."

आम्हाला आता जोर चढला. आई अंडं भरवतेय, मी ठिपके शोधतेय, दादा चकत्या काढतोय. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख तर इतकं वळलं होतं की कातडीत रुतायच्या बेतात होतं. ते सुटलं तेव्हा शेठने पाय झटकला आणि स्वतःच चाटून बघितला. मागच्या पायाच्या एका नखापाशी मात्र घात झाला. मी घड्याळाकडे बघितलं, टॉर्च हलला, पक्कड केसभर आत गेली आणि रक्त आलं. शेठ ओरडला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं आणि माझ्याही नकळत म्हटलं, "माफ करा हो, चुकलं माझं." दादाने डोळे मोठे केले. जन्मात मी त्याला एकदाही असं म्हटलेलं नाही.

मग कानस. दादाने मागचे पाय घेतले, मी पुढचे. इथे आम्ही अगदी आमच्या घरच्या मैदानात होतो. लहानपणी बाबांनी आम्हा दोघांच्या मनगटाला लाकडी पट्टी बांधून कानस धरायला शिकवलं होतं. मनगट हललं की डोक्यात टपली. एकदा धरलेला कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. आज पट्टी नाही, पण मनगट आपोआप कुलूप लागल्यासारखं होतं. आम्ही घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं. काम संपलं तेव्हा खिडकीतल्या उन्हात शेठची नखं चमकत होती. दादाने मान तिरपी करून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वा." दादा वर्षातून एखाद्या वेळी वा म्हणतो.

व्हॅनमध्ये आई पुढे बसली, मांडीवर शेठ. तिने शेवटी निळी साडी नेसली होती आणि सगळ्या रस्त्याभर ती शेठला समजावत होती की आत गेल्यावर भुंकायचं नाही, कोणाच्या कॉटवर चढायचं नाही आणि बाबांचा चेहरा उतरलेला दिसला तरी रडायचं नाही. शेवटचं ती कोणाला सांगत होती ते मला कळलं.

शुश्रूषागृहाच्या फाटकातून आत गेलं की छोटं अंगण आहे, एक बाकडं आहे आणि अंगणावर उघडणारी बाबांच्या खोलीची खिडकी आहे. पडदा ओढलेला होता. सिस्टर दारातच उभ्या होत्या. उंच, किडकिडीत बाई, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांनी शेठच्या डोक्यावरून हात फिरवला, खिशातून मोजा काढून कोपरापर्यंत चढवला आणि म्हणाल्या, "द्या पंजा."

शेठने ऐटीत पंजा दिला. सिस्टरने तो हलकेच मोज्यावरून ओढला.

सर्रर्र करून मोजा मनगटापासून कोपरापर्यंत फाटला.

सिस्टरने चष्मा डोळ्यांवर चढवला, पंजा उचलून जवळून बघितला आणि आमच्याकडे बघितलं. "तुम्ही नखं कापलीत की त्यांना धार लावलीत?"

दादाने वाकून एका नखावर अंगठा फिरवला. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी त्यावर आश्चर्य आलं, मग भीती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये, मी शपथेवर सांगते, थोडा अभिमान. "धार आहे," तो हळूच म्हणाला.

"दादा."

"हाताला सवय आहे गं. मी काही मुद्दाम केलं का? तुझे पुढचे पाय बघ, तुझ्या नखांनी तर दाढी होईल."

सिस्टरने फाटका मोजा उतरवून कचऱ्यात टाकला. "माझ्याकडे अजून मोजे आहेत. पण सहाला माझी ड्यूटी संपते. नंतरच्या सिस्टर कुत्र्याचं नावही काढू देणार नाहीत. इथे बाकड्यावर बसा आणि करा काय करायचं ते."

दादाच्या खिशात बारीक कानस कायम असते. आम्ही बसलो. दादाने टोकावर सरळ कानस मारली, म्हणजे धार गेली असं त्याला वाटलं. झालं असं की नखाचं टोक सपाट झालं आणि दोन्ही बाजूंना दोन नव्या कडा उभ्या राहिल्या.

"आता ही सुताराची पटाशी झाली," मी म्हटलं.

"मग कडा मारतो."

त्याने कडा मारल्या आणि चार बारीक कडा झाल्या. मी कानस हिसकावली. माझ्या हातून तर पूर्वीसारखीच सुबक धार आली, आधीपेक्षा बारीक. सिस्टर दुसरा मोजा घेऊन आल्या, धागा अडकला, त्या गेल्या. मी पुन्हा बसले. हात सैल सोडायचा असं स्वतःला बजावत होते आणि मनगट ऐकतच नव्हतं. आयुष्यभर गावाची पाती धारदार केली आणि आज एक गोष्ट बोथट करायची तर दोघांनाही येत नव्हती. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"सरक, मला बघू दे," दादा म्हणाला.

"तूच घोळ घातलास. मला आधीच कळायला हवं होतं. वा म्हणे. नखांना वा."

"आणि टॉर्च कोणी हलवला?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"हळू बोला," आई म्हणाली. "आत माणसं झोपलीत."

"झोपू देत. आमचे बाबा उद्या वर जाणार आणि हा इथे पटाशी करत बसलाय."

हे मी जरा जास्तच मोठ्याने बोलले. दादा पुन्हा घासायला लागला, खर्र, खर्र, खर्र, एका लयीत, एका कोनात, अगदी शिकवल्याबरहुकूम. आणि खिडकीचा पडदा हलला.

"कोण रे तो?" आतून आवाज आला. "बंद कर ते. इथपर्यंत ऐकू येतंय धार चढतेय ते."

बाबांचा आवाज. दुकानातला आवाज, भर गर्दीत मागच्या खोलीपर्यंत पोचणारा. तो मी इतक्या दिवसांत ऐकलाच नव्हता. आईने तोंडावर पदर धरला. शेठचे दोन्ही कान उभे राहिले.

"बाबा, शेठची नखं आहेत," दादा खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "गुळगुळीत करायचीत. त्याशिवाय आत घेत नाहीत."

"मग मनगट सोड."

दादाने माझ्याकडे बघितलं. "सोडू?"

"सोड म्हणतोय ना, गाढवा. धार लावताना पक्कं धरायचं. धार मारताना हात डुलला पाहिजे. कोन एकसारखा राहताच कामा नये."

दादाने प्रयत्न केला. खर्र, खर्र. मी केला. खर्र, खर्र. आतून तोंडाने च्च असा आवाज आला.

"नाही, नाही, नाही. अरे तू तर अजून तसंच ओढतोयस."

"जमत नाहीये, बाबा."

"कसं जमेल? लक्ष कुठे असतं तुमचं? थांबा, येतो."

सिस्टर नवा मोजा चढवत होत्या, त्यांचा हात अर्ध्यावरच थांबला. बाबांना स्वतःलाही आपण काय बोललो ते कळलं नसावं. आम्ही कोणी हललो नाही. श्वाससुद्धा जपून घेत होतो, न जाणो, आमची चाहूल लागली तर त्यांना आठवायचं की आपण उठत नसतो. कॉट करकरली. व्यायामवाल्या मुलीचा आवाज आला, "आजोबा, हळू, हळू, आधी पाय खाली, हां." मग काहीच नाही. मग वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज, मग पाय घासत आल्याचा, मग पुन्हा वॉकर.

आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. आवाज कॉरिडॉरमध्ये आला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला. आणि बाबा दारात आले. अंगात तिथला ढगळ पायजमा, केस मागून ताठ उभे, चेहऱ्यावर दुकानात सुरा चुकीचा धरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असतो तो राग. माझ्या आयुष्यात मला इतका सुंदर राग कधी दिसला नव्हता.

शेठने पट्ट्याला जो हिसका दिला त्याने मी बाकड्यावरून खाली आले. "धरा त्याला," सिस्टर म्हणाल्या, "उडी मारली तर पडतील ते." मी जमिनीवर बसूनच दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. तो आतून सगळा थरथरत होता आणि बारीक आवाजात एकसारखा काहीतरी सांगत होता.

बाबा बाकड्यापर्यंत आले, व्यायामवाल्या मुलीने आधार दिला, बसले. मग मी शेठला सोडलं. त्याने डोकं त्यांच्या पोटात खुपसलं आणि तसाच राहिला.

"काय हो केलं तुमचं यांनी," बाबा म्हणाले. त्यांनी पंजा मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, एक भुवई वर गेली. "धार मात्र चांगली लावलीस." दादा एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"दे कानस."

दादाने दिली. बाबांनी ती नखाजवळ नेली आणि तिचं टोक थरथरायला लागलं. थंडीने थरथरतं तसं नाही. हात आपला आपण हलत होता, मनगटापासून, थांबतच नव्हता. बाबांनी दुसऱ्या हाताने तो धरला, तरी थांबला नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. आता मला आठवलं की भेटायला गेलं की त्यांचा उजवा हात नेहमी पांघरुणाखाली असायचा.

"बघितलंत?" ते म्हणाले. "पडायच्या आधीपासून आहे. पाय बरा झाला हे मलाही माहीत आहे. पण दुकानात येऊन हा हात घेऊन करू काय? खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना या बसा म्हणू? ते काम शेठ करतात."

"अहो, मग सांगायचं होतं," आई म्हणाली.

"काय सांगू? धारवाल्याचा हात हलतो म्हणून?"

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि इतके दिवस आम्ही खुब्याच्या हाडाशी भांडत बसलो याचं रडू आलं. यातलं काय आधी करावं ते मला सुचेना. सुचलं शेठला. अंडं मिळेल या आशेने त्याने पंजा उचलून बाबांच्या गुडघ्यावर दोनदा आपटला. शेठना ताटकळत ठेवायची बाबांना सवय नाही. त्यांनी पंजा धरला आणि ती हलणारी कानस तशीच नखावर टेकवली.

मी खाली बसले होते, माझं तोंड नखाच्या अगदी जवळ होतं, आणि मी धारवाल्याची मुलगी आहे. मला दिसलं. कानस वरून गेली, बाजूने गेली, घसरली, परत आली. एकदाही एका कोनात दोनदा गेली नाही. कड उठायला जागाच मिळत नव्हती. टोक गोल होत होतं.

"सिस्टर," मी म्हटलं.

सिस्टर काही न विचारता पुढे आल्या, मोजा ताणून धरला आणि त्या एका नखावरून फिरवला. मोजा सरकून गेला. त्यांनी उलट बाजूने फिरवला, मग दाबून फिरवला. एक धागा हलला नाही.

"पुढचं करा," त्या म्हणाल्या.

बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग नखाकडे, मग पुन्हा हाताकडे. "हे होय," ते पुटपुटले आणि पुढचं नख धरलं. दादाने पॉलिश पेपरचा तुकडा काढून आपल्या बोटाला गुंडाळला आणि बाबांसारखा हात हलवून बघितला. तो इतका मन लावून हात हलवत होता की आईला हसू आलं. मग मला आलं. मग त्या व्यायामवाल्या मुलीला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तुला नाही यायचं. याला वय लागतं." आणि ते हसले. कवळी खोलीतच राहिली होती, त्यामुळे पूर्ण बोळकं हसले.

त्यांनी चारही पाय केले. रक्त आलेल्या नखाला कानस न लावता नुसता पेपर फिरवला आणि कोणी कापलं असं विचारलं. दादाने भला माणूस असल्याचं दाखवून माझं नाव घेतलं नाही. सिस्टरने एकेक पंजा मोज्यावरून ओढला, मग मोजा गालाला लावून बघितला आणि उतरवून घडी करून खिशात ठेवला.

"आता आत न्यायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

शेठला आत न्यायचं होतं हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. बाबांनी मागे वळून दाराकडे आणि दारापलीकडच्या लांबलचक कॉरिडॉरकडे बघितलं. येताना राग होता. आता तो संपला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की एवढं अंतर आपण आलो यावर त्यांचा विश्वास बसत नाहीये.

मुलीने चाकांची खुर्ची आणली होती. तिने ती बाकड्याला लावली. बाबा खुर्चीकडे बघत राहिले.

"मी पडेन गं," ते मला म्हणाले, एवढ्या हळू की बाकीच्यांना ऐकू गेलं नसावं.

मला काहीतरी धीर देणारं बोलायला हवं होतं. मला तसलं येत नाही. "मी मागे आहे," मी म्हटलं. "पडलात तर माझ्यावर पडाल आणि मग मी कशी ओरडते ते माहीत आहे तुम्हाला."

बाबांनी वॉकर धरला आणि उठले. शेठ त्यांच्या डाव्या बाजूला आला, पट्टा सैल, मान खाली, त्यांच्या पावलाला पाऊल लावून. चकचकीत फरशीवर तो घसरला नाही. त्याच्या पायांचा आवाजही येत नव्हता, फक्त वॉकर टेकल्याचा आणि बाबांच्या श्वासाचा. खोल्यांच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली. एका आजींनी हात पुढे केला, शेठने जाता जाता त्यांच्या हाताला नाक लावलं आणि पुन्हा बाबांच्या बाजूला आला. मी मागे दोन्ही हात पसरून चालले होते. मागून आई नाक ओढत होती आणि दादा तिला "हळू, हळू" म्हणत होता.

"आली तुमची खोली," मुलगी म्हणाली. "खूप झालं आजोबा आज. बसा आता."

बाबा दारापाशी क्षणभर थांबले. कॉटकडे बघितलं. मग वॉकर उचलून कॉरिडॉरमध्येच पुढे टेकवला, खोलीचं दार मागे टाकून.

"शेठ थकले नाहीत अजून," ते म्हणाले.

मुलीने घाबरून मागे बघितलं. सिस्टरने तिला हातानेच गप्प राहायची खूण केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांसमोर असंच चालायचं हं."

"त्यांना जरा लवकर यायला सांगा," बाबा मागे न बघता म्हणाले. "मला घरी जायचंय."